वाचून दाखवणारी

महाडच्या कोर्टासमोर एक पोरगी अर्ज टाईप करून देते आणि वकिलीच्या कॉलेजात शिकते. बायको गेल्यावर वारसाच्या कागदांसाठी मी पोलादपूरहून तिच्याकडं खेपा घातल्या. कागद झाला की ती तो मोठ्यानं वाचायची, ओळीखाली बोट धरून.

मी म्हणायचो, "दे गो, करतो सही."

"आधी ऐका, आबा. चुकीचं लिहिलेलं असलं तरी सही तुमचीच."

बायकोच्या नावामागं 'मयत' यायचं, तेवढा शब्द ती हळू वाचायची.

मागच्या महिन्यात तिच्या कॉलेजात लष्कराचे साहेब वकिलांच्या भरतीला आले. मुलग्यांना जागा जास्त, मुलींना कमी. म्हणून पोरं-पोरी फाटकात धरणं धरून बसली, ही सगळ्यांत पुढं. मी तिला शोधत तिथं गेलो होतो. पोलीस हवालदारानं माफीचा कागद आणला.

"सह्या करा, नायतर केस घालतो. मग वकिलीची सनद विसरा."

मी दोन पावलं मागं सरलो. पोरांनी पेनं काढली. हिनं कागद घेतला आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. 'आमची चूक झाली' इथं थांबली.

"हे खोटं आहे," म्हणाली आणि सही न करता कागद परत दिला.

हवालदारानं तिचं नाव, गाव लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळला. "बाबा, ही तुमची कोण?"

"कोण नाय," मी म्हणालो.

तिनं ऐकलं. बरोबर बोललात, अशी मान हलवली.

तेव्हापासून मी महाडला गेलेलो नाय.