गॅलरीतला डोडो

फाल्गुन लागला की बोईसरच्या दुपारींना दोन वास येतात. वारा समुद्राकडून वळला तर नवापूर-तारापूरच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा खारट, उन्हात मुरलेला वास घरात शिरतो. वारा पडला की औद्योगिक वसाहतीचा आंबूस वास जिभेच्या मुळाशी येऊन बसतो. इतकी वर्षं इथे राहून मला दोन्ही सवयीचे झाले आहेत, किंबहुना माकुणसारला माहेरी जाऊन परतताना त्यांच्यावरूनच घर जवळ आल्याचं कळतं. त्या वर्षी मात्र त्यांत तिसरा वास मिसळला होता, चुन्यासारखा कोरडा, घशात खवखवणारा, आणि तो आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून येत होता. एसीच्या बाहेरच्या डब्यामागे कबुतरांच्या एका जोडीने संसार मांडला होता.

माझे पती आदल्या पावसाळ्यापासून जिना चढताना मध्येच थांबू लागले होते. कठड्यावर हात ठेवून, खाली काहीतरी बघतो आहे असं दाखवत हे उभे राहायचे, आणि मीही पिशवीतलं काहीतरी शोधत असल्याचं सोंग करायची. पुढे सोंग जमेना. पालघरच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो उजेडावर धरून पाहिले, घरात कबुतरं येतात का असं विचारलं, आणि माझी मान हललेली पाहून म्हणाले, "औषधं मी देतो. कबुतरं तुम्ही घालवा." त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ यांच्या फुप्फुसांना अजिबात सोसणारी नव्हती. घरी येताना रिक्षात हे खिशातला श्वासाचा पंप हातात घट्ट धरून बसले होते.

गंमत अशी, की ही कबुतरं माझी जुनी ओळखीची. पालघरच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवताना 'नामशेष प्राणी' हा धडा आला की मी फळ्यावर डोडोचं चित्र काढत असे: गोल पोट, खुरटे पंख, टोकाशी वाकलेली अवजड चोच. वर्ग हसायचा. मग मी माझा हुकमी एक्का टाकायची, की हा बेंगरूळ पक्षी दुसऱ्या कुणाचा नाही, आपल्या कबुतराचा नातलग आहे. जुन्या हाडांतून काढलेल्या जनुकांनी हे सांगितलं आहे, आणि त्याचा सगळ्यांत जवळचा जिवंत आप्त आपल्याच देशाच्या निकोबार बेटांवर राहतो, मानेभोवती हिरव्या-तांबूस झळाळीची पिसं मिरवणारं एक देखणं कबुतर. मुलांना पटत नसे. तशी ही नाती पटण्यासारखी नसतातच. न्यूझीलंडच्या कोंबडीएवढ्या किवीची खरं सख्खं नातं मादागास्करच्या, माणसाहून कितीतरी उंच अशा हत्तीपक्ष्याशी निघालं, आणि तो तर केव्हाच संपला. मधला एवढा मोठा समुद्र या नात्याने कसा ओलांडला, हा प्रश्न एखादं चुणचुणीत पोर विचारायचं आणि तेवढ्यात तास संपायचा. वर्गात कुणी मठ्ठपणा केला की पोरं त्याला 'डोडो' म्हणून चिडवत, आणि खोटं कशाला सांगू, मी कधी त्यांना रागावले नाही.

जाळी बसवायला मी नारायणभाऊंना बोलावलं. सातपाटीचे हे तांडेल, मासेमारीच्या होडीचे म्होरके. गुडघे गेल्यामुळे त्यांचं होडीवर जाणं सुटलं, पण बोटं शाबूत होती, आणि आता ते बोईसर-पालघरच्या इमारतींतून गॅलऱ्यांना कबुतरजाळ्या बसवत हिंडायचे. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून मी त्यांना 'बाई'. बाजारातली तयार जाळी ते वापरत नसत. नायलॉनची दोरी आणून गॅलरीच्या मापाने स्वतः विणत, आणि विणताना ओठांशी गाठी मोजत. त्यांनी हातोडीने चौकटीला हुक ठोकले, जाळं झटकून वर चढवलं, तीन बाजू ओवून घेतल्या. चौथ्या बाजूला हात घालण्याआधी थांबून त्यांनी मला विचारलं, "बाई, आत काय नाय ना? अंडी, पिलां?"

माघी गणपतीच्या सुमारास डब्यामागे दोन अंडी मी पाहिली होती. चार काड्या, केरसुणीची एक हीर आणि कुठलीशी तार, एवढ्या भांडवलावर घातलेली ती दोन पांढरी अंडी. गेले आठ दिवस तिथून बारीक चिवचिव येत होती आणि मी गॅलरीचं दार लावून घेत होते. आतल्या खोलीत हे खोकत होते. तो खोकला मी ऐकला, आणि ज्या आवाजात आयुष्यभर हजेरी घेतली त्याच स्वच्छ आवाजात म्हटलं, "काही नाही. बांधा तुम्ही."

त्यांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सफाईने चौथी बाजू ओवली, दाताने दोरी तोडली, चहा घेतला आणि गेले.

संध्याकाळी जोडी परतली. आधी नर, मग मादी. जाळीवर आदळून ती मागे फेकली जात, समोरच्या टाकीवर जाऊन बसत, पुन्हा येत. कबुतरं पिलांना पहिले काही दिवस दाणे भरवत नाहीत. त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखं दूध तयार होतं, आईच्याही आणि बापाच्याही. हे मी शिकवलेलं होतं. पिलं मोठी होतील तसे त्यात ओलवलेले दाणे येतात, म्हणजे त्या दोघांचे गळे त्या घटकेला भरलेले होते, हे मला ठाऊक होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला. भाजी चिरताना बोट कापलं, आणि त्या एवढ्याशा जखमेचंच निमित्त करून मी रडले.

सकाळी मी दूध तापवत असताना हे गॅलरीच्या दाराला कान लावून उभे दिसले. त्यांनी मला खूण करून बोलावलं. आतून आवाज येत होता, कालच्यापेक्षा खूपच बारीक.

"तुला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"माझ्यासाठी केलंस, कळतंय मला," हे म्हणाले, आणि एवढ्या बोलण्यानेच दम लागून स्टुलावर बसले. "पण असा श्वास नको गं मला."

मला राग आला. इतका, की दुधाचं पातेलं मी आपटलं. तुमच्यासाठी जिवाचं रान करतेय आणि तुम्हाला कबुतराची कीव येते, असं बरंच काही बोलले. हे ऐकून घेत राहिले. मग मी नारायणभाऊंना फोन लावला.

ते तासाभरात आले. माझ्या तोंडावर पट्टी बांधलेली, हातात सुपली; मीच पुढे होऊन डब्यामागे वाकले, आणि त्या दिवशी मी माझा फळ्यावरचा डोडो पाहिला. अंगावर विरळ पिवळे तंतू, गोल पोट, नावापुरते पंख, आणि त्या सगळ्यांत न शोभणारी, सुजल्यासारखी, टोकाशी वाकलेली भली थोरली चोच. कबुतराचं पिलू मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मोठं होईपर्यंत ते आडोशाला असतं आणि बाहेर येतं तेव्हा चारचौघांसारखं झालेलं असतं. खडूने मी तीस वर्षं जे चित्र गिरवलं, ते माझ्या गॅलरीत आठ दिवस धापा टाकत होतं. दुसरं पिलू, धाकटं, शेजारी आडवं पडलं होतं. त्याची मान हलत नव्हती.

"मला माहीत होतं, नारायणभाऊ," मी म्हटलं. "काल मी खोटं बोलले."

त्यांनी खिशातला चाकू काढून जोडीला ये-जा करता यावी म्हणून जाळीत वीतभर चौकोन कापला आणि त्याच्या कडा उसवू नयेत म्हणून दोरीने शिवत बसले. शिवता शिवता, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "होडीवर कसा असतं बाई, पुडं उबा रवतो तो बोलेल, खडक नाय, का मागचा सुकान फिरवतो. त्यानं उटून बगाचं नसतं. बगाय गेला तर होडी खडकावर जाल." त्यांनी दोरी ओढून घेतली. "माशाच्या पोटात गाबोळी, अंडी असतात तवा आमी दर्याला जालं दावत पन नाय. म्हनून इचारलं मी."

माझा चेहरा त्यांना बघवला नसावा, कारण गाठ मारून झाल्यावर ते जरा नरमले. "आमी तरी कुटं शाने? बारक्या डोल्याच्या जाल्यानं पापलेटाची पिलां आमीच उपसली. हातावर मावतील एवडी. मोटी बोट होती, घरात मानसां होती, काय करनार? आता मोटं पापलेट दिसाला नाय." धाकट्या पिलाला त्यांनी कागदात गुंडाळलं आणि जाताना सोबत नेलं.

पुढचे तीन-साडेतीन आठवडे आम्ही मागच्या खोलीत काढले. गॅलरीच्या दाराच्या फटींना चिकटपट्ट्या, उंबऱ्याशी ओलं फडकं. तरी एका सकाळी यांचा श्वास इतका चढला, की पालघरला नेऊन दोन दिवस ठेवावं लागलं, आणि त्या पांढऱ्या खोलीत, नाकातोंडावर मुखवटा चढवलेल्या माणसाच्या उशाशी बसून मी त्या उरलेल्या पिलाला मनसोक्त शिव्या घातल्या. ते मेलं असतं तर मला वाईट वाटलं असतं आणि मी झोपू शकले असते. ते जगत होतं म्हणून मला झोप नव्हती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं खरं.

तिथे बसल्या बसल्या डोडो मला निराळा दिसू लागला. मी मुलांना सांगायची की खलाशांनी त्याला मारून खाल्लं. खाल्लंही असेल. पण त्याहून जास्त घात केला तो त्यांच्या गलबतांतून उतरलेल्या डुकरांनी, माकडांनी आणि उंदरांनी. जमिनीवर घातलेलं त्याचं एकुलतं एक अंडं त्यांना आयतं मिळत गेलं. शंभर वर्षांच्या आत सगळं आटोपलं. डोडोच्या ज्या मॉरिशस बेटावर आज आपली मराठी माणसं गणपती बसवतात, त्याच किनाऱ्यावर कुणीतरी आजारी सोबत्यासाठी ताजं मटण हवं म्हणून डुकरांची जोडी सोडली असेल. त्यात दुष्टपणा नव्हता. त्याच्याही आतल्या खोलीत कुणीतरी खोकत असेल. आणि तो पक्षी, ज्याच्या पूर्वजांनी उडत येऊन ते बेट गाठलं आणि तिथे भिण्यासारखं काही नाही असं पाहून उडणंच सोडून दिलं, तो माणूस जवळ आला तरी जागचा हलत नसे. यालाच आम्ही वर्गात मठ्ठपणा म्हणत होतो.

पाडव्याला दोन-तीन दिवस होते तेव्हा पिलू उडालं. तोवर चोच आटोपशीर झाली होती, मानेवर जांभळट-हिरवी झाक आली होती. कुठल्याही कबुतरासारखं कबुतर. चौकोनाशी बसून त्याने बराच वेळ बाहेरचं ऊन पाहिलं आणि गेलं. हे काचेआडून बघत होते. "गेलं," म्हणाले, आणि खूप दिवसांनी गॅलरीत खुर्ची टाकण्याची भाषा करू लागले.

चौकोन बंद करायला नारायणभाऊ आले. गॅलरी मी सकाळीच साबणाने धुऊन काढली होती, डब्यामागची काडी अन् काडी उचलली होती. ते आता विचारतील आणि या वेळी मला खरं सांगता येईल, म्हणून मी दारातच उभी राहिले. अगदी तोंडाशी उत्तर घेऊन.

त्यांनी विचारलं नाही. दुखरे गुडघे एकेक करून टेकत ते खाली बसले, डब्यामागे खांद्यापर्यंत हात घालून कोपरे चाचपले, मग मोबाईलचा उजेड पाडून डोकं तिरकं करून पुन्हा पाहिलं. रागाने नाही, मला दाखवायला तर नाहीच. बोलत होते ते मुलीच्या नोकरीविषयी, नेहमीच्याच आपुलकीने. कुणाच्या शब्दावर न जाता स्वतः बघायचं, ही आता त्यांची कामाची रीत झाली होती, एवढंच. मला वाटलं, त्या बेटावरूनही डोडोच्या आधी आणखी काहीतरी नाहीसं झालं असलं पाहिजे, आणि त्याची हाडं कुणाला सापडायची नाहीत. नारायणभाऊ उठले आणि दोरी ओवू लागले. मला विचारा ना, असं म्हणायचा मला धीर झाला नाही.