देवाला विचारून येईपर्यंत

पालव मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि मी त्यांना चांगलंच झापलं. आयसीयूच्या दारात कुणी सामान आणलेलं मला खपत नसे. "ओ बाई, इथे काय पंगत बसवायची आहे? ठेवा त्या जागेवर," असं मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे एकदा शांतपणे पाहिलं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका नवरा-बायकोसमोर त्या खुर्च्या मांडल्या, स्वतःसाठी एक स्टूल ओढलं, आणि त्यांची थोरली मुलगी गेल्याचं त्यांना सांगितलं. आमच्या हॉस्पिटलात नव्याने आलेल्या भूलतज्ज्ञ त्या ह्याच, हे मला संध्याकाळी कळलं. माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "उब्या माणसाक मरान सांगू नये गो. पडाक झाला तर तो पडतलो खंय?"

डॉ. हेमलता पालव हे त्यांचं पूर्ण नाव. मसुऱ्याच्या पलीकडे त्यांचं गाव. वडील लहानपणीच गेले, आईने भातशेती आणि काजूच्या चार झाडांवर मुलीला शिकवलं. मुंबईत भूलशास्त्र आणि अतिदक्षतेचं शिक्षण घेऊन त्या परत आल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि माझ्यासारख्या मालवणच्या ख्रिश्चन, तोंडाळ सिस्टरशी त्यांची गट्टी जमली. ओरोसला जिल्ह्याच्या सरकारी मीटिंगांत त्या छान शुद्ध मराठी बोलत. गाडीत बसल्या बसल्या मात्र म्हणत, "जीभ दुखली गो फिलू, आता जरा आपला बोलूया."

भूल देताना त्या पेशंटच्या कपाळावर हात ठेवून त्याच्याशी त्याच्या गावाबद्दल बोलत. पाऊस किती झाला, म्हस दूध देते का, जावई बरा आहे का. तो उत्तर देता देता झोपे. हे ठीक होतं. पण ज्यांचा मेंदू मेला असं आम्हीच कागदावर लिहून दिलेलं असे, त्यांच्याशीही त्या तशाच बोलत. कूस बदलताना, "आता डाव्या कुशीर घेतंय हां तुका," असं सांगत. मी एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, ऐकणार कोण?" म्हणाल्या, "तेका ऐकाक येता म्हणान न्हय बोलतंय. माजी मी माणसासारकी रवूक व्हयी म्हणान बोलतंय."

आता त्यांच्या संशोधनाबद्दल सांगायला हवं, कारण त्यांचा सगळा जीव त्यात होता. माणसाचा मेंदू कायमचा गेला, तरी यंत्राने श्वास चालू असेपर्यंत हृदय काही काळ धडधडत राहतं. तेवढ्या वेळात घरच्यांनी हो म्हटलं तर त्याची मूत्रपिंडं, यकृत, हृदय दुसऱ्या कुणाला देता येतात. आमच्याकडे बहुतेक सगळे नाही म्हणत. बाकीचे डॉक्टर म्हणायचे, लोक अडाणी आहेत. मॅडम म्हणायच्या, "अडानी कोण, तां बगूक व्हया." नाही म्हणालेल्या प्रत्येक घरी काही महिन्यांनी जायचं, आणि का नाही म्हणालात एवढंच विचारायचं, हे त्यांचं संशोधन. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या मला स्कूटरवर मागे बसवून नेत. फॉर्म भरायचं काम माझं. पटवून द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, समोर आलेला चहा नाकारायचा नाही, अशी मला ताकीद होती.

एका म्हाताऱ्याचं घर मला अजून आठवतं. त्याचा धाकटा भाऊ झाडावरून पडून गेला होता. खळ्यात सुपारी सोलत बसला होता तो. मॅडमनी प्रश्न विचारला तसा त्याने अडकित्ता खाली ठेवला. "डाक्टरबाय, तुमी माका धा मिन्टां दिलात. धा मिन्टांत रवळनाथाक कसो इचारू? हंय घराचो वासो बदलूचो झालो तरी आमी देवाक इचारतंव. आणि तुमी माज्या भावाचा काळीज मागलात." परत येताना मॅडम घाटी उतरल्यावर एकदम स्कूटर थांबवून म्हणाल्या, "फिलू, आमीच अडानी."

बाहेरच्यांना सांगायला हवं की आमच्या गावांत मोठ्या निर्णयाआधी ग्रामदेवतेला, बहुतेक ठिकाणी रवळनाथाला, कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालून पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. पुढच्या कितीतरी घरांतून आम्हाला हीच गोष्ट ऐकू आली: नको असं नव्हतं, विचारायला वेळ नव्हता. मॅडमनी ते लिहून काढलं. पुण्याच्या एका परिषदेत वाचल्यावर एका मोठ्या डॉक्टरांनी हसत विचारलं, की म्हणजे आता अंधश्रद्धेसाठी व्हेंटिलेटर अडवून ठेवायचे का? मॅडम म्हणाल्या, "घर विकताना तुम्ही वकिलाला विचारता ना? ते रवळनाथाला विचारतात. फी कमी घेतो तो." सभागृह हसलं, आणि वैद्यकीय मासिकाकडे पाठवलेला त्यांचा लेख तरीही परत आला. त्यांनी तो पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा छापून आला तेव्हा त्यांनी सगळ्या स्टाफला खटखटे लाडू वाटले.

मग आमच्या आयसीयूत तसा शिरस्ताच पडला. घरचे लोक देवाला विचारायला जात, आणि ते येईपर्यंत शरीर टिकवायचं काम आमचं. हे काम सोपं नाही. मेंदू गेला की शरीराचा ताबा सुटतो, लघवी बेसुमार होते, रक्तदाब घसरतो. मी तासन्‌तास सलाइन आणि औषधांचे आकडे वर-खाली करत उभी राहायची. मॅडमशी माझं कडाक्याचं भांडण झालं ते यावरूनच. "जाऊ देत त्यांना, पण निदान वेळ थोडा आहे एवढं तरी सांगा!" मी म्हणायची. त्या ऐकायच्या नाहीत. "घड्याळ दाखवन घेतललो 'हो' माका नको. तो भियाचो हो." "आणि हृदय थांबलं तर?" "थांबला तर थांबला. तां तेंचा माणूस, आपला न्हय."

काही जण उजवा कौल घेऊन आले. काही डावा घेऊन आले, आणि मॅडमनी त्यांनाही त्याच मायेने निरोप दिला. त्या काळात घरचे परतायच्या आत कुणाचं हृदय थांबलं नाही. आमचं नशीब म्हणायचं ते. मला ते त्यांचं ज्ञान वाटत होतं.

मागच्या वर्षी काजूच्या दिवसांत, एका पेशंटला शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे पोचवायला त्या आल्या. कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "फिलू, डोक्यात कायतरी फुटला गो." मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. त्यांना आमच्याच आयसीयूत यंत्रावर घेतलं, दुसरीकडे हलवण्यासारखी त्यांची स्थितीच नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मेंदू गेला की नाही ते ठरवणाऱ्या समितीच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सगळ्या चाचण्या केल्या. शेवटच्या चाचणीत यंत्र सोडवून छाती हलते का ते बघतात. मी त्या छातीकडे बघत होते. मी मनातल्या मनात किती नवस बोलले ते माझं मला माहीत. ती हलली नाही.

त्यांच्या पर्समध्ये अवयवदानाचं कार्ड होतं. तरी घरच्यांची सही लागतेच, आणि घरचं म्हणजे त्यांची आई, आमच्या काकी. काकींना मी बसवलं आणि सगळं सांगितलं. हेमा आता परत येणार नाही, तिने हे कार्ड भरलंय, तुमची सही हवी. काकी कार्डावरच्या सहीवरून बोट फिरवत राहिल्या. "माका कदी बोलाक नाय ती," एवढंच म्हणाल्या. साऱ्या जिल्ह्याच्या ओट्यांवर बसून हा विषय काढणाऱ्या बाईकडून स्वतःच्या घरात तो काढायचा राहून गेला होता. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

"फिलू, मी देवाक इचारून येतंय," काकी उठत म्हणाल्या. "तेका इचारल्याबिगर मी तिका मुंबयक पण धाडूक नाय."

मॅडमच्या हाताखाली शिकलेली डॉ. केतकी मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, बीपी तीन औषधांवर आहे. फार टिकणार नाही. तुमचं ऐकतील त्या. एक शब्द बोला." बोलायचा शब्द मला माहीत होता. त्या शब्दासाठी मी वर्षानुवर्षं मॅडमशी भांडले होते. त्या दिवशी मात्र त्या समोर पडलेल्या, आणि त्यांच्याच आईला घड्याळ दाखवायचं माझ्याच्याने होईना. आयुष्यात एकदाच मी त्यांचं मुकाट्याने ऐकलं. "जावन येवा काकी," मी म्हटलं.

गुरव काजू वेचायला बागेत गेला होता. त्याला शोधून, आंघोळ करून, देवळाचं दार उघडेपर्यंत वेळ गेला. इकडे आम्ही शक्य ते सगळं केलं. मी त्यांची कूस बदलली, आणि बदलताना त्यांना सांगितलं. दुपारी पावणेएकला हृदय थांबलं. केतकी रडत छाती दाबत होती. शेवटी मीच तिचे हात बाजूला केले.

देवळापाशी रेंज नसते. काकींचा फोन रस्त्याला लागल्यावर आला, तेव्हा दीड वाजला होता. "फिलू, उजवो दिल्यान गो! पयल्याच गाऱ्हाण्याक! सांग तुज्या डाक्टरांका." त्या तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव होता. मी "येवा काकी" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या आल्या तेव्हा पदराच्या टोकाला पाकळ्या बांधलेल्या होत्या. मी सांगितलं.

"तुका म्हायत होता, उशीर होतलो म्हणान?"

"होय."

"मगे माका आडवलंस कित्याक नाय?"

मॅडमची सगळी उत्तरं मला तोंडपाठ होती. भियाचो हो, तेंचा माणूस. त्यातलं एकही त्या बाईच्या तोंडासमोर म्हणता येईना. डोळे अजून देता येतील, एवढंच मी म्हटलं. काकींनी कागद पुढे ओढला. "नाव पुरा लिवू?" त्यांनी विचारलं, आणि सावकाश लिहिलं.

आजही आमच्याकडे लोक देवाला विचारायला जातात. मी कुणाला अडवत नाही. पण जाण्याआधी त्यांना मॉनिटरपाशी नेते, आकडे दाखवते, हृदय तोवर थांबूही शकतं, हे स्पष्ट सांगते आणि मगच जावन येवा म्हणते. मॅडमचा नियम मी दर वेळी मोडते. त्या असत्या तर माझ्यावर भयंकर चिडल्या असत्या. चिडायला तरी असायला हव्या होत्या.