नायबीणकाकूचे तीन चमचे

नायबीणकाकू मिठाला बोट लावत नसे. मीठ कुटून, चाळून चमच्याने घ्यायचे आणि चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, हा तिच्या स्वयंपाकघरातला कायदा. काका अमरावतीला नायब तहसीलदार होते. पण अंमलबजावणी कचेरीपेक्षा घरी कडक आहे, असे ते स्वतःच सांगत.

चमचे कॅम्पातल्या एका साहेबाच्या लिलावातले. साहेब विलायतेला निघाला तेव्हा काकांच्या वरिष्ठांनी खुर्च्या, घड्याळे आणि भुसा भरलेले वाघाचे एक मुंडके घेतले. काकूने तीन चमचे मागवले: मोठा, मधला, लहान. वाघाला पुढे कसर लागली. चमच्यांवर मात्र घरातल्या सगळ्या मुली शिकल्या.

"तीन लहान म्हंजे एक मोठा, दोन लहान म्हंजे एक मधला," ती घोकून घेई. "बाराखडी विसरली त चालते, हे नाही." आणि कोणी 'अंदाजानं टाकलं' म्हटले की, "अंदाज म्हंजे आळशाचा चुलतभाऊ!"

भातकुलीहून भाजी आणणारी राधा माळीण दारातूनच हे पाही. "नायबीणबाई, रडाचं असलं त तेबी मोजूनच रडता काय वो तुमी?"

"मी रडतच नाही. मोजाचं कामच पडत नाही."

हे बरेचसे खरे होते. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून मला काकूनेच वाढवले. त्यामुळे अकोटला सासरी जाताना पाठराखीण म्हणून तीच आली. घर मोठ्या शेतीचे, पंगत लांबलचक. नव्या सुनेने पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायचा, ही तिथली रीत. माजघरात माझी चुलतसासू मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "बिनमायची पोर. इले कोनं शिकवलं असंन?"

मी चौघांचे प्रमाण पंगतीच्या हिशेबाने वाढवले, लहान चमच्यांचे मोठे केले, काकूने मला दिलेल्या त्याच तीन चमच्यांनी मोजून मीठ टाकले. हिशेब बिनचूक होता. रस्सा अळणी झाला. आमच्या घरचे मीठ पिठासारखे बारीक, अकोटचे खडेमीठ. खड्यांच्या मधे पोकळी राहते, चमचा भरलेला दिसतो आणि मीठ कमी जाते. हे मला तेव्हा कुठले कळायला! पहिल्या घासाला पंगतीतले हात थांबले. चुलतसासूने सासूबाईंकडे पाहिले. माझ्या हातात अजून मोठा चमचा होता.

काकू उठली. माझ्या हातातला चमचा तिने सहज काढून घेतला.

"पोरीले बोल लावू नोका, विहीणबाई. मीठ म्या टाकलं."

"तुमी? कावून चुकलं मंग?"

काकूने हातातल्या चमच्याकडे पाहिले. "अंदाजानं टाकलं," ती म्हणाली.

सासूबाई हसल्या. "मंग उद्या पोरीलेच करू द्या. तुमी बसा जरा." पंगत हसली, मिठाचे भांडे फिरले, जेवणे झाली. माझ्या नावाला बट्टा लागला नाही. काकूच्या नावाला लागला, आणि अकोटात तो कायम राहिला. माझ्या मुलांच्या बारशालासुद्धा तिथल्या बायका तिला चुलीपासून आदराने दूर बसवत. तीही बसे.

त्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोटारीपर्यंत पोचवायला मी गेले. रडू आवरत नव्हते. काकू खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. मोटार सुरू झाली तेव्हा तिने मला जवळ बोलावले. काहीतरी आशीर्वाद असेल म्हणून मी कान पुढे केला.

"कुसे, इथलं मीठ जाड हाये," ती म्हणाली. "एका मोठ्यामागं एक लहान जास्त टाकत जाय."