दोन रेकॉर्ड प्लेअर आणि एक माईक

माईक बिघडला नव्हता. तो मी लावलाच नाही. बहिणीच्या लग्नात मामाचा आहेर मांडवात कुणाला ऐकू गेला नाही, त्याला कारण मी. आणि वर ‘माईक बिघडला’ हे खोटं मी वर्षानुवर्षं रेटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुंडलच्या एका दोस्ताबरोबर मी लग्नात गाणी वाजवायचा धंदा काढत होतो. ऐपत जुन्या सामानाचीच, म्हणून सांगलीला रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. दोस्ताला एक रेकॉर्ड प्लेअर, एक कर्णा आणि चांगला माईक पुरे होता. मला दोन प्लेअर हवे होते. तबकडी बदलेपर्यंत कर्णा मुका पडतो, ते मला सोसत नसे. एकीवरचं गाणं उतरतं न उतरतं तोच दुसरीवरचं चढलं पाहिजे, मध्ये फट नको. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अँप्लिफायर परवडला तो दोनच खटक्यांचा, एक प्लेअरचा आणि एक माईकचा. दुकानदार म्हणाला, “माईकच्या जागी दुसरा प्लेअर चालवून देतो. पण बोलायचं झालं की एक काढाय लागंल.”

“लोकांस्नी गाणं कमी आन् आपलं नाव जास्त ऐकायचं असतं गड्या,” दोस्त म्हणाला.

“मग त्यांनी दवंडी पिटावी,” मी म्हणालो आणि दोन प्लेअर उचलले. माईक दोस्ताने घेतला.

पहिलं लग्न माझ्या बहिणीचंच आलं. अक्षता पडल्या आणि मी सुरू झालो. गाण्याला गाणं असं जोडत होतो की पोरं कर्ण्याखालून हलेनात. मग आहेर पुकारायची वेळ झाली. दोस्त माईक घेऊन आला. “काढ एक वायर.”

“हे गाणं होऊ दे.”

ते झालं, दुसरं लागलं. दोस्ताने हात पुढे केला तो मी ढकलला. पुकारणारा तसाच नरडं ताणून ओरडत राहिला. म्हसवडहून आलेल्या मामाने भाचीसाठी शालू आणि तांब्याची घागर आणली होती. त्याचं नाव गाण्यात बुडालं.

मामा उठला. “भाच्यानं कर्णा आणलाय म्हनं. समद्या गावाला गाणं ऐकू येतंय, पर मामाचं नाव काय त्याच्या नरड्यातनं भाईर पडंना!”

त्याचं आणि वडिलांचं आधीच फारसं पटत नसे. वडिलांनीच मला शिकवून ठेवलंय असं त्याने धरलं आणि जेवण न करता तो निघाला. आई पदर सावरत रस्त्यापर्यंत धावली. परत येऊन तिने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, “माईक बिघडला.” दोस्त शेजारीच उभा होता. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाट्याचा प्लेअर उचलून घेऊन गेला.

मामाने भाऊबीजेला येणं सोडलं. आईचं माहेर बंद झालं. वडिलांनी ते न केलेल्या गुन्ह्याच्या शिक्षेसारखं सोसलं.

गाण्यात फट ठेवायची नाही, हे मी आजही मागे घेत नाही. एका माईकवर समाधान मानणाऱ्यांनी तेव्हा मला वेडा म्हटलं, म्हणू देत. कान माझा बरोबर होता. पण आईच्या भावापेक्षा मी गाणं मोठं मानलं आणि खापर वडिलांवर फुटू दिलं. त्याला कानाची सबब चालत नाही.

शेवटी एका दिवाळीच्या आधी म्हसवडला गेलो. मामा ओट्यावर बसला होता. “कुनी धाडलं? दाजींनी?”

“न्हाई. आबांस्नी ठावं बी न्हाई,” मी म्हणालो. “मामा, माईक चांगला होता. आबांनी मला काय सांगितलं नव्हतं. दोस्त लाव म्हनत होता, मीच लावला न्हाई. तुमचं नाव मी बुडवलं, आन् आईला, तुमाला, समद्यांस्नी खोटं सांगितलं. माझं चुकलं, मामा. राग माझ्यावर धरा, पर आईकडं या.”