मावशींच्या वतीने भांडण

भिंगारला आमच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांच्या थायरॉइडचा कॅन्सर फुफ्फुसांत पसरलाय आणि ऑपरेशनपासून आवाज बसलाय. रोज एक गोळी घेतात. "ही गोळी कुटंबी सुटत न्हाई, नेम धरून गाठीलाच लागती," असं ऐटीत सांगतात. गोळीने तळवे सोलवटतात, बीपी वाढतं, म्हणून डॉक्टरांनी चिडायला बंदी केली.

पण भांडल्याशिवाय मावशी जगणार कशा? त्यांनी ते काम मला दिलं. दूधवाला आला की त्या माझ्या कानात पुटपुटतात, मी मोठ्याने बोलतो.

"दादा, दूध जरा पातळ वाटतंय का?" मी सौम्य करून विचारतो.

मावशी मला चिमटा काढून कानात खेकसतात, "मी असं म्हनले व्हय? म्हस नळाखाली बांधतो का, इचार!"

परवा स्कॅनमध्ये गाठी बऱ्याच लहान दिसल्या. मावशींनी दूधवाल्यासमोर ते माझ्या कानात सांगितलं. मी ते मोठ्याने सांगायचं सोडून त्यांनाच "खरंच?" "खरंच?" विचारत बसलो. तेव्हा मला बाजूला सारून त्या स्वतःच घोगऱ्या आवाजात ओरडल्या, "गाठी बारीक झाल्या रं!"

दूधवाल्याने डोळे पुसत एक माप जादा ओतलं.

मावशींनी पातेल्यात डोकावून माझी बाही ओढली. "त्याला म्हनावं, हेबी पातळच हाय."