गुळाच्या गोदामातल्या उड्या

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, राग येतो कुठला, तो हिच्याकडं मुक्कामालाच असतो. त्यामुळं आमच्या कॉलनीत झिम्मा-फुगडी बसवणाऱ्या बाई जेव्हा माझ्या लेकीला म्हणाल्या की, बाळ, तू आपली बाजूला बसून टाळ्या वाजव हं, तेव्हा मी त्यांना काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. गौरी दोन महिन्यांवर आल्या होत्या आणि आमच्या दोघींचं बोलणं बंद झालं.

बाईंचं चुकलं होतं असंही नाही. लेक सात वर्षांची, दुसरीत. तोंडानं असली चुरचुरीत की मास्तरांनी आपलेच कान धरावेत. पाढे पाठ, गाणी पाठ. पण तिला उडी येत नव्हती. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटायचेच नाहीत. उडी मार म्हटलं की गुडघे जरा हलायचे, खांदे वर जायचे, तोंडावर उडी मारल्याचा थाट यायचा, आणि पावलं होती तिथंच. जिना उतरताना कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवायची. पळायला लागली की स्वतःच्याच पायात पाय. झिम्म्यात सगळा उड्यांचा खेळ, तिथं हिला घेणार तरी कुठं?

घरी येऊन ती माझ्या शिलाई मशीनजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला बसून टाळ्या न्हाई वाजवायच्या. मला उडायचं हाय." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला दोन धपाटे घालून विषय मिटवता आला असता.

दोष माझा होता, तो मी मान्य करते. ती चालायला लागली तेव्हा कोरोनामुळं सगळ्या गावाला टाळं लागलं होतं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एका खोलीत माझं शिलाई मशीन, म्हणजे खाली कायम टाचण्या, सुया, कात्री. त्यात लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली पोर. तिला खाली ठेवायला जीव धजायचा नाही. कडेवर, मांडीवर, फार तर पलंगावर, चारी बाजूंनी उशा लावून. पुढं टाळं उघडलं, पण माझी सवय काही सुटली नाही. बागेत नेलं तरी घसरगुंडीवरून हात धरूनच खाली आणायची. पोर पडू नये म्हणून एवढं जपलं की तिला धड पडताही येईना.

शेवटी तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिला उभी केली, बसवली, एका पायावर उभं राहायला लावलं. मग म्हणाले, आजार काही नाही, स्नायू जरा सैल आहेत आणि तोल कच्चा आहे, हिला उड्या मारू द्या. चिठ्ठीवर एक पत्ता लिहून दिला. मी चिठ्ठी उलटी करून बघितली, मागं औषध लिहिलंय का म्हणून. मागं कोरीच होती.

पत्ता निघाला मार्केट यार्डाच्या पाठीमागच्या एका जुन्या गुळाच्या गोदामाचा. गूळ जाऊन किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण भिंतींना वास तसाच होता. आत आमच्या स्वयंपाकघराएवढा मोठा गोल ट्रॅम्पोलिन. चौकटीला स्प्रिंगांनी ताणून बसवलेलं काळं जाड कापड, आणि भोवती जाळी. मुलांना शिकवणारी मुलगी तिशीची, चंदगडकडची, बोलायला मऊ, पण नियमाला लोखंड. एका वेळी एकच पोर आत. उडी मधोमध. गुडघे वाकलेले. कोलांटी मारायची नाही. आणि दोन तास आधी पोटात काही घालायचं नाही.

मी आपली नेहमीच्या स्वभावानं म्हणाले, एवढ्यासाठी इथवर कशाला यायचं, घरी पलंग हाय की. तिनं शांतपणे विचारलं, पलंगावरून पोर भिंतीवर आपटली तर? मग ती मला समजावायला लागली.

"उडी म्हणजे नुसते पाय नव्हेत, ताई. वर गेलं की अंगाला कळावं लागतं, आपण कुठं आहोत. खाली येताना घोटा, पोट, पाठ सगळ्यांनी एकदम सावध व्हावं लागतं. जमिनीवर हे शिकताना लागतं, म्हणून मूल भितं. इथं कापड झेलतं. भीती गेली की अंग आपोआप शिकतं."

पहिले आठ दिवस लेक नुसती मधोमध बसली. शिकवणारी काठावरून हातानं कापड दाबायची आणि ही बसल्याजागी डुलायची. मग गुडघ्यांवर. मग उभी, पाय फाकून. मी जाळीबाहेर खुर्ची टाकून ब्लाऊजना हातशिलाई घालत बसायची, कारण सणाचे दिवस म्हणजे आमच्या धंद्याला श्वास घ्यायला सवड नसते. मनात म्हणायची, ह्या डुलण्यानं काय होणार, कपाळ?

पण होत होतं. ती संध्याकाळी जेवून आडवी झाली की तिथंच झोपायला लागली. आधी थोपटून थोपटून माझा हात मोडायचा. अर्धी भाकरी खाणारी पोर दुसरी मागायला लागली. वर्गात बाकावर लोळायची, ती ताठ बसते म्हणून शाळेतल्या बाईंनी सांगितलं. आणि एका सकाळी ती शाळेला निघाली तेव्हा मी वरून बघत होते, तर एक पायरी, एक पाय, पुढची पायरी, दुसरा पाय, अशी ती जिना उतरत गेली. तिला पत्ताच नव्हता. मी दारात उभी राहून ढसाढसा रडले आणि वर शेजारणीला सांगितलं की कांदा चिरत होते.

उडी मात्र अजून नव्हती. कापडावर ती हलायची, झुलायची, पण पावलं सुटायची नाहीत.

आता आमच्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं. एकेकाळचे पैलवान. तालीम सोडून तीस वर्षं झाली, गुडघे गेले, पण सल्ला द्यायचा जोर तसाच. गल्लीत कुणाचं डोकं दुखलं तरी ह्यांचं औषध एकच, दूध. ट्रॅम्पोलिनचं नाव काढलं की म्हणायचे, दूध न्हाई, तूप न्हाई, नुसत्या उड्यांनी कुठं अंग धरतंय व्हय? बसल्या जागेवरून सगळ्यांच्या तब्येती सांभाळणारा माणूस.

गौरींना तीन आठवडे राहिले असतील. माझ्याकडं ब्लाऊजचा ढीग पडला होता, म्हणून त्या दिवशी लेकीला घेऊन सासऱ्यांना पाठवलं. पोटात काही घालू नका, असं तीनदा बजावलं. त्यांनी तिन्ही वेळा व्हय म्हटलं. आणि स्कूटर नेली ती सरळ दूध कट्ट्यावर. तिथं म्हशी आणून उभ्या करतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळलेला ग्लास हातात देतात. ह्यांच्या हिशेबी दूध म्हणजे 'काही' नव्हेच. पोरीनं एक ग्लास संपवला तशी सासऱ्यांची छाती फुगली आणि वर अर्धा आणखी दिला. कोल्हापूरचा आजा होता, दुसरं काय करणार?

तिसऱ्या झोक्याला सगळं दूध कापडावर आलं. बाहेर रांगेत उभी असलेली पोरं हसली. लेक घरी आली ती तोंड उशीत खुपसून, आणि एवढंच म्हणाली की मी तिथं परत जाणार न्हाई.

मी सासऱ्यांना बोलले. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, मामा, तिची एवढी एक उडी होती, ती तुमच्या दुधात बुडाली. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, खाली मान घालून ऐकत राहिला. मला बोलून झाल्यावर जास्तच वाईट वाटलं, पण माघार घेणं आमच्या घराण्यात कुणाला येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणारीचा फोन. ताई, तुमचे सासरे इथं बादली आणि ब्रश घेऊन आलेत, मी कालच धुतलेलं परत धुतायत, ऐकत नाहीत. हातातला ब्लाऊज सुईदोऱ्यासकट तसाच घेऊन मी लेकीला म्हटलं, चल गं, तुझ्या आबांना घेऊन येऊ. आबांचं नाव निघालं म्हणून ती निघाली, नाहीतर हलली नसती.

गोदामात गेलो तर कापड धुऊन पुसून लख्ख, आणि सासरे धोतर खोचून शिकवणारीशी हुज्जत घालत होते. मला बी एकदा उभं राहून बघू दे की. ती म्हणाली, आबा, नुसतं उभं राहायचं, उडी नाही. ते जाळीतून आत गेले. लाल मातीत भल्याभल्यांना लोळवलेला गडी, दोन पावलं टाकली आणि डुगडुगून दाणकन बुडावर बसला. उठायला गेले, परत बसले. तिसऱ्यांदा तर आडवेच झाले. मला हसावं का धावावं कळेना.

सासरे तसेच बसून लेकीकडं बघून म्हणाले, "आगं, हितं उभं कसं ऱ्हायाचं?"

लेक जाळीला नाक लावून उभी होती. "आबा, हात पुढं टेका आधी. आता एक गुडघा. खाली बघू नका, माझ्याकडं बघा. गुडघं वाकवून उठा."

ती सांगेल तसं ते करत गेले आणि उठले. कापड जरा हललं की परत बसायची वेळ यायची. ही वैतागली. असं नव्हे आबा, असं नव्हे. शेवटी म्हणाली, "तुम्ही भायेर या. थांबा, दावतो."

त्यांना बाहेर काढलं, चपला फेकल्या आणि ती आत गेली. मधोमध उभी राहिली, गुडघे वाकवले, आजोबाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, असं, आणि उडाली. तिची पावलं आणि काळं कापड यांच्यामध्ये मला पलीकडची भिंत दिसली. चार बोटं, जास्त नाही. परत म्हणाली, बघितलासा न्हवं, असं, आणि परत उडाली. माझ्या हातातली सुई बोटात घुसली तरी मला कळलं नाही. शिकवणारीनं मला डोळ्यांनीच दटावलं, काही बोलू नका म्हणून. मग मी खाली मान घालून ब्लाऊज शिवत राहिले, आणि तो ब्लाऊज दुसऱ्या दिवशी सगळा उसवावा लागला.

सासरे मुद्दाम पडले होते का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते व्हय म्हणतील, आणि मग आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल.

त्यानंतर मला एक अवघड काम करावं लागलं. पोरीला घेऊन मी झिम्म्याच्या बाईंच्या दारात गेले आणि माझे शब्द मागं घेतले. त्यांनी चहा दिला, पोरीच्या दोन उड्या बघितल्या आणि तिला रांगेत शेवटी उभी केली. वर म्हणाल्या, तुमच्या तोंडाला भिऊन न्हाई हं घेतली. मी म्हटलं, माहीत हाय.

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी कॉलनीच्या हॉलमध्ये खेळ होते. लेकीनं नऊवारी नेसली होती, मीच शिवलेली. झिम्मा सुरू झाला. टाळी, उडी, टाळी, उडी. ती अर्धा ताल मागं होती, पण उडत होती, जमिनीवरून, खऱ्या फरशीवरून. मी श्वास धरून बसले होते. आणि मधेच बाजूच्या मुलीचा पाय तिच्या पायात आला आणि ती सपशेल पडली.

मी खुर्चीतून अर्धी उठले. शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी माझा पदर धरून मला खाली ओढलं. "बस. पडायला शिकलीया ती."

तिनं हात पुढं टेकले. एक गुडघा. समोर बघितलं, खाली नाही, आणि माझ्याकडंही नाही. उठली. दोन टाळ्या चुकल्या, तिसरी धरली. मागच्या बायकांना तर तो खेळातलाच प्रकार वाटला. माझे डोळे भरले आणि मी ते उघडउघड पुसले, ह्या वेळी कांद्याचं नाव काढलं नाही.

खेळ संपल्यावर ती घामाघूम होऊन हॉलच्या दारात आली. बाहेर उतरायला चार पायऱ्या. मी खाली उभी होते, आणि माझा हात सवयीनं वर गेला. तिनं केसातला सुटलेला गजरा काढून त्या हातात ठेवला.

"धर जरा," ती म्हणाली, आणि शेवटच्या पायरीवरून दोन्ही पायांनी खाली उडी मारून मैत्रिणींमागं पळाली.