रिपोर्ट साफ, माणूस आजारी

"अ‍ॅक्यूट किडनी इंजुरी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे किडनीला अचानक झालेली इजा. मी ह्यांच्यासाठी शहाळं घेऊन उभी होते. नर्सनं तेही काढून घेतलं, किडनीच्या पेशंटला ते चालत नाही म्हणे.

आधी उलट्या झाल्या, मग कंबर धरली, मग लघवी जवळजवळ बंद. मी आपली कँटीनच्या डाळीला शिव्या घालत होते.

"ताई, हे काही नशा करतात का?" डॉक्टरांनी विचारलं. मला रागच आला. मसाट औद्योगिक वसाहतीतल्या ह्यांच्या कंपनीत अधूनमधून लघवीची टेस्ट होते. गांजा सापडला की नोकरी गेली. ह्यांचा रिपोर्ट कायम साफ. मी तोऱ्यात तसं सांगितलं.

"सिंथेटिक कॅनाबिनॉइड त्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही." गांजासारखी नशा देणारं हे रसायन सुक्या पानांवर मारून पुडीत विकतात, असं त्यांनी समजावलं.

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "नाईट करून आलं का झोपच येत नाही. गांजा टेस्टात पकडतात, हे नाही पकडत. म्हणून कंपनीत आमच्या लाईनवर सगळे हेच ओढतात."

टेस्ट चुकवायला माणसानं विष निवडलं! मला रडू येत होतं आणि चार शब्द सुनवावेसेही वाटत होते.

लघवी वाढली नाही तर डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त साफ करणं. चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी मी लघवीच्या पिशवीकडे बघत बसायचे. हळूहळू ती भरू लागली. डायलिसिस टळलं.

मग मी मनातलं विचारलं. ह्यानं कॅन्सर होतो का?

"प्रयोगशाळेत या रसायनाच्या काही प्रकारांनी पेशींच्या डीएनएला इजा केलेली दिसलीय," डॉक्टर म्हणाले. "माणसांत कॅन्सर होतोच, असं सांगण्याइतका अभ्यास झालेला नाही. होत नाही, असंही मी म्हणणार नाही. पुडीत नेमकं काय होतं, तेच कुणाला माहीत नाही."

ही टांगती तलवार घेऊनच आम्हाला जगायचंय. तुमच्याही घरी कुणाचा रिपोर्ट साफ येत असेल, तर तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. डॉक्टरांपासून काही लपवू नका.

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी लाईनवरचे तिघे भेटायला आले. "भाभी, क्या हुआ था? पीलिया?" हो, कावीळच, असं मी म्हणणारच होते. कंपनीत कळलं असतं तर नोकरी गेली असती.

"पीलिया नहीं," हे उठून बसत म्हणाले. "अपनी वो पुडी. तुम लोग भी बंद करो, और डॉक्टर को दिखाओ."

तिघांपैकी एकजण तसाच खाली केसपेपर काढायला गेला. आणि मला, इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला.